छत्री, म्हैस आणि उलटं नाव

आपला फोटो कुणीतरी चोरेल या भीतीने मुळातच फोटो खराब करून ठेवणारा एकच छायाचित्रकार या पृथ्वीवर होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो; रामनगरात त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाच्या फोटोवर स्टुडिओच्या नावाचा शिक्का ते नेमका नवरीच्या कपाळावर मारत. तिच्या बापाने कुरकुर केली की म्हणत, "हळद उतरंल, शिक्का उतरायचा न्हाई." शिवाय एक गुप्त खूण होती: प्रत्येक फोटोत कुठेतरी त्यांची काळी छत्री असायचीच. बारशाला ती पाळण्याला लटकलेली, उळवीच्या जत्रेत रथाच्या चाकाला टेकलेली. माझ्या मुंजीच्या फोटोत तर ती माझ्याच हातात आहे, आणि मी भिक्षेला नव्हे, पावसाला निघाल्यासारखा दिसतो.

एका गठ्ठ्याबद्दल मात्र थट्टा चालत नसे. सुपा धरणाचं पाणी चढायच्या आधी मामांनी आपल्या जुन्या गावातल्या चाळीसही घरांचे फोटो काढले होते, दारात घरची माणसं उभी करून. घरं पाण्याखाली गेली, उरले ते फोटो. त्यातला एक शहरातल्या कुणा कॅलेंडरवाल्याने छत्रीएवढा भाग कापून स्वतःच्या नावाने छापला. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

मी तेव्हा बेळगावात सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून नुकताच परतलो होतो, म्हणजे माझ्या अज्ञानाला सर्टिफिकेट मिळालं होतं. मामांनी जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर पैदा केला. म्हणाले, "इंजिनेर, नाव असं घाल की दिसंल. आन् असंबी घाल की दिसायचं न्हाई."

मी प्रोग्रॅम लिहिला. दिसणारं नाव खालच्या कोपऱ्यात. न दिसणारं फोटोच्या ठिपक्यांत: एकेका ठिपक्याचा करडेपणा केसभर कमी-जास्त करायचा. डोळ्याला काही कळत नाही, पण वाचणारा प्रोग्रॅम लावला की अक्षरं बाहेर येतात. स्कॅन झालेले कागदी फोटो मामांनी त्या त्या घरच्या माणसांना वाटूनही टाकले. मग मी ऐटीत चाळीसही फोटोंवर एकदम प्रोग्रॅम चालवला, तोही प्रत न ठेवता.

पडद्यावर बघतो तर नाव वर आभाळात, डोकं खाली, पाय वर! त्या फाइलीत चित्राची खालची ओळ आधी साठवतात, हे बहुधा कोर्सच्या सातव्या महिन्यात शिकवत असावेत. निगेटिव्ह तर कधीच ओलीने गेल्या होत्या. कागदी फोटो परत मागायला गेलो, तर ते देव्हाऱ्यात बसून हळद-कुंकवाने माखले होते. मामांनी पडद्याकडे पाहिलं, छत्री उचलली आणि ते घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे त्यांनी त्यातल्या एका फोटोची फ्लॉपी मुद्दाम त्या कॅलेंडरवाल्यापर्यंत पोचू दिली. त्याने आभाळातलं नाव पुसून नवं कॅलेंडर काढलं. मामांनी त्याला स्टुडिओत बोलावलं. बाकावर जुन्या गावचे पाच म्हातारे साक्षीला बसलेले. तो नाव पुसलेल्या फोटोची फ्लॉपी नाचवतच आला. "फोटो माझा. दाखवा की तुमचं नाव यात!"

मी रुबाबात प्रोग्रॅम लावला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: म्हैस.

चाचणीसाठी टाकलेला शब्द बदलायचा राहून गेला होता. कॅलेंडरवाला हसला, म्हातारे हसले, मी टेबलाखाली जागा शोधू लागलो. मामा शांतपणे उठले.

"हसतोस काय? आमच्या समद्या फोटोत म्हैस हाय. इंजिनेर, दाव."

दुसरा फोटो लावला: म्हैस. तिसरा: म्हैस.

"आता तू सांग, तुझ्या फोटोत आमची म्हैस कशी शिरली?"

कॅलेंडरवाल्याने फ्लॉपी तिथेच टाकून काढता पाय घेतला. उरलेली सगळी कॅलेंडरं त्याने दुसऱ्याच दिवशी आणून टाकली.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "मामा, ते उलटं नाव... चुकलं माझं."

मामा पडद्यावरच्या आपल्या घराकडे बघत होते. "काठावरनं पाण्यात बघितलं की असंच दिसतंय रं. आन् गाव तितंच हाय न्हवं? ऱ्हाऊ दे."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्याच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, मी काढलेला, हातात छत्री असलेला. त्यांच्या कपाळावर शिक्का मारायचा धीर मला झाला नाही. पण आत, ठिपक्यांत, म्हैस आहे.