साखळीवरचा अंगठा

कोरियात गोहुंगच्या किनाऱ्यावर गिम, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, वाळवायच्या कारखान्यात मा पान-सुल एकतीस हिवाळे साखळी सांभाळत आला होता. ओल्या शेवाळाच्या चटया गरम हवेतून फिरवणारी ही साखळी सैल पडली तर दात्यांवरून उडी मारते, जास्त ओढली तर एक दिवस तुटते. आणि चटया लावायला तिच्यासमोर उभी असायची त्याची बायको, बोंग-रे. साखळी तुटली असती तर पहिला घाव तिच्याच हातांवर बसला असता.

साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. घाईतले मेकॅनिक ती थांबेल तिथे दाबून मोकळे होतात. पान-सुल मात्र रोज सकाळी हाताने पूर्ण फेरा फिरवायचा, सगळ्यात ताठ जागा हुडकायचा आणि तिथे अंगठा दाबायचा. पेरभर खाली गेली की झालं. त्या वेळी त्याचे डोळे समुद्राकडे असत.

यंदा हंगामाच्या तोंडावर त्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. सगळं सुधारलं, उजवा अंगठा तेवढा बधिर राहिला. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रथेप्रमाणे यंत्रापुढे डुकराच्या मुंडक्याचा नैवेद्य ठेवून सगळे वाकले, तेव्हाही त्याने अंगठ्यासाठी काही मागितलं नाही. बोंग-रे शेजारीच होती, आणि तिला हे कळू द्यायचं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी साखळी दोनदा खडखडली. बोंग-रेने थांबवायचं बटण दाबलं आणि मागच्या बाजूला आली. पान-सुल साखळी दाबत होता, अंगठ्याकडे टक लावून.

"अहो, हे बघून दाबणं कधीपासून?"

"चष्मा नवीन आहे ना, वसूल करतोय."

ती हसली नाही. तिने त्याचा अंगठा धरून नखाने जोरात चिमटा काढला. त्याचा चेहरा हललासुद्धा नाही.

"तीन महिने मी इथे हात घालतेय," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर."

त्याला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.  तो बाजूला सरला आणि तिला साखळीपाशी घेतलं.

"फेरा फिरव. पूर्ण. आता दाब. किती जातेय?"

"दीड पेर."

"सैल आहे. पेरभर जाईल इतकी ओढ." त्याने पाना तिच्या हातात दिला आणि अंगठ्याचं मालकाला सांगायला निघाला. दाराशी थांबून म्हणाला, "मी येईपर्यंत चालू करू नकोस. तिकडे चटया मी लावणार."

"तुम्ही? का?"

"आज साखळी तू ओढणार आहेस. समोर मी उभा राहीन."