मामांचं परमुलखातलं गोत

आखाडा बाळापुरात कुणाची सून कुणाची भाची लागते हे तोंडपाठ सांगणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण लंडनचा एखादा ड्रमर न्यूयॉर्कच्या पियानोवाल्याचा कोण लागतो, हे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो माझ्या नशिबी चुलतसासरा म्हणून आला. मी त्यांना मामा म्हणे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी, अंगात कायम बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, आणि घरात परदेशी संगीताच्या कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची पेटी. तरुणपणी हैदराबादला शिकायला असताना खोलीतला सोबती परदेशी गेला आणि ती पेटी त्यांच्याकडे ठेवून गेला. ‘पत्र टाकतो’ म्हणाला होता. पत्र आलं नाही. मग मामा कॅसेटींवरची बारीक अक्षरंच वाचत बसले.

त्या अक्षरांत वादकांची नावं असत. एका कॅसेटीवरचा बेसगिटारवाला दुसऱ्या कॅसेटीवर भलत्याच मंडळींत दिसला, की मामांना घरचं कुणीतरी भेटल्यासारखा आनंद व्हायचा. जुन्या, बाद झालेल्या कालव्यांच्या नकाशांच्या पाठीवर त्यांनी या सगळ्यांची वंशावळ मांडली होती. कोण कुठल्या बँडातून निघाला, कुणाकडे गेला, कुणाशी भांडून परत आला. “जावईबापू, ध्यानात ठेवा,” ते मला सांगत, “जॅझ म्हंजे ह्यांचं माहेर अन् रॉक म्हंजे सासर. माहेरी शिकायचं, सासरी राबायचं.” घरचे बाकीचे लोक उठून जायचे. जावयाला तसं उठता येत नाही, म्हणून मी बसायचो. मामी आतून ओरडायच्या, “बंद करा ते! ह्या गोऱ्या पाव्हण्यांना जेवू घालायचं न्हाई, तेवढंच नशीब माझं!”

एकदा शिरड शहापूरला मामांच्या दुसऱ्या एका पुतणीच्या सोयरिकीची बैठक होती. मामा कोपऱ्यात माझ्या कानाशी लागून बँड बदलत फिरणाऱ्या एका ड्रमरची कथा सांगत होते. बोलता बोलता आवाज चढला: “तीन घरं बदलली त्यानं! एका जागी टिकलाच न्हाई!” मुलाकडचे एक म्हातारे पुढे सरकून म्हणाले, “कोण हो, पाव्हणं? नवरदेवाचा चुलता म्हंता का?” मामा म्हणाले, “न्हाई हो, विलायतेतला.” तेव्हा तर आमच्याकडचे जास्तच घाबरले, आणि मुलाचं विलायतेत काही प्रकरण आहे का, याची तासभर चौकशी चालली. लग्न झालं, पण त्यानंतर मामांना कुणी बैठकीला नेलं नाही. “मला तरी कुठं हौस होती?” ते म्हणाले, आणि नकाशे उलगडून बसले.

मामी गेल्या त्या वर्षी मी हिंगोलीहून दर रविवारी मामांकडे जायला लागलो. टेपवर कापड पडलेलं असे. मी विचारलं, “मामा, लावत का नाही?” ते म्हणाले, “आता ‘बंद करा’ म्हणणारं कुणी न्हाई. लावून काय करू?”

पुढे हिंगोलीत इंटरनेटचं दुकान निघालं. मी मामांना हट्टानं घेऊन गेलो, त्यांच्या एका वादकाचं नाव टाकलं, आणि दोन मिनिटांत पडद्यावर सगळी वंशावळ उभी राहिली. फांद्यांसकट, वर्षांसकट. या माणसाचं पंचवीस वर्षांचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. मामा चष्मा वर करून, पडद्यावर बोट फिरवत वाचत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माझ्यावानी दुसरा एक हाय तर!” आणि इतके हसले की दुकानदार वळून पाहू लागला. थोड्या वेळानं बोट थांबलं. “इथं चूक हाय. ह्या ऑर्गनवाल्याला आभाळातून पडल्यावानी काहून दाखवलं? त्याला माहेर हाय! माझ्या कॅसेटीवर त्याचं नाव हाय.”

पानाच्या तळाशी ते बनवणाऱ्याचा ईमेलचा पत्ता होता. मामांनी सांगितलं, मी इंग्रजीत लिहून धाडलं. तीन रविवारी आम्ही जाऊन पाहिलं. तिसऱ्या रविवारी उत्तर होतं. माहिती बरोबर निघाली होती, नवी फांदी जोडली होती. आभार मानून त्या माणसानं शेवटी विचारलं होतं, ‘तुमच्याकडे आणखी कोण कोण ऐकतं?’

मी वाचून दाखवलं. मामा रस्त्यावरच्या जीपगाड्यांकडे बघत हळूच म्हणाले, “लिवा. चार-पाच जण हायेत म्हणावं.”

मी तसंच लिहिलं. बाळापूरला परतल्यावर मी टेपवरचं कापड काढलं आणि म्हटलं, “मामा, एक लावा.” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, पेटीत बराच वेळ शोधून एक कॅसेट लावली. एक अख्खी बाजू ऐकली. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही, आणि मामांनीही पहिल्यांदाच काही समजावलं नाही. पुढची काही वर्षं, ते होते तोवर, आमचे रविवार असेच गेले.

चार-पाचांतला एक मी होतो. बाकीचे कोण, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.