लाल खारव्यातली कादंबरी

उदगीरला आमच्या गल्लीच्या मागं एक लहान चर्च होतं आणि चर्चच्या बाजूच्या खोलीत दोन कपाटांची लायब्ररी. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई ती चालवायच्या. रविवारी उपासना संपली की खोली उघडायची, आणि आमच्यासारख्या लिंगायतांच्या घरच्या बायकाही पदर सावरत आत शिरायच्या. कुणी नाक मुरडलं तर आई म्हणायची, "पुस्तकाच्या गळ्यात काय लिंग हाय का क्रूस हाय?"

बायका चुलीपुढं बसून वाचणार, म्हणजे पुस्तकांना पीठ, तेल, हळद सगळं लागणार. म्हणून बाई कागदाऐवजी कापडाची कव्हरं घालायच्या. ती धुता यायची. दुष्काळाच्या वर्षी आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक फिरकेना. हिशोबाच्या वह्या आणि पोथ्या बांधायला लागतो तो लाल खारवा नुसता पडून होता. आईनं दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागं लागून त्यातलं एक ठाण लायब्ररीला देववलं. दादा कुरकुरले, "हितं खायाचे वांदे, आन् पुस्तकाला नवे कपडे." पण दिलं. बघता बघता सगळी लायब्ररी लाल झाली.

त्याच उन्हाळ्यात आई दुखण्याला पडली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. मी पाण्याच्या रांगेत उभी असायची आणि ती खाटेवर एक जाड कादंबरी वाचत पडलेली असायची. संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले की गोष्ट पुढं सांगायची. नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईची गोष्ट होती, पदरात एक मुलगी. त्या बाईनं शिवणाचं मशीन घेतलं, मुलीला शाळेत घातलं. मला ती फार आवडायची. आई थकली की थांबायची.

"पुढं काय झालं?"

"उद्या सांगते. भाकर बघ, करपाय लागली."

होता होता गोष्ट मुलीच्या लग्नापर्यंत आली. बाईनं मांडव घातला, हळदीची ताटं मांडली, वऱ्हाड वेशीत आलं. तिथं आई थांबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. विभूती लावून, हातात लिंग देऊन आईला बसवलं. त्या गर्दीत आत्याला उशाशी लाल खारव्यातलं पुस्तक दिसलं. आत्याला अक्षरओळख नव्हती. वहिनी रोज दुपारी ही पोथी वाचते, एवढंच तिला ठाऊक. तिनं हात जोडून ते आईच्या मांडीवर ठेवलं. कुणी हटकलं नाही. लाल बांधणीतलं पुस्तक म्हणजे पोथीच, असंच सगळ्यांना वाटलं. विधी करणाऱ्या अय्यांनी वरून बेलाची पानं वाहिली. मी आतल्या घरात होते. पुढं मी पुस्तक शोधायला लागले तेव्हा आत्यानं हे सगळं मला सांगितलं, तेही अगदी समाधानानं.

मी आत्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. आई गेल्याचं दुःख होतंच, पण वऱ्हाड वेशीतच अडकून पडलं याचंही होतं. वाटायचं, आईला शेवट कळला नाही, आता मलाही कळणार नाही. दादा बाईंकडं जाऊन कसंबसं घडलेलं सांगून आले. बाई म्हणाल्या, "राहू द्या. तिच्याजवळ आहे ना, म्हणजे हरवलं नाही." दुसरी प्रत त्यांच्याकडं नव्हती.

मी नायगावला नांदायला गेले. काही वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला, आणि साहेब लोकांच्या बदल्यांना ऊत आला. असंच एक कुटुंब उदगीर सोडताना खोकंभर पुस्तकं लायब्ररीला देऊन गेलं. मी माहेरी आले की बाईंना कव्हरं शिवून द्यायची. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्या खोक्यात ती कादंबरी निघाली. नाव वाचलं आणि मी हातातली सुई खाली ठेवली. बाईंनी बघितलं आणि त्या म्हणाल्या, "शिवू नको आज. घेऊन जा."

निम्म्यापर्यंत सगळं आईनं सांगितलेलंच होतं. मशीन होतं, शाळा होती. मग त्या बाईला ताप येतो आणि ती मरते. मुलगी अजून परकरात असते. उरलेली सगळी कादंबरी त्या पोरक्या मुलीचीच आहे. तिच्या आईनं घातलेला मांडव, हळदीची ताटं, वेशीतलं वऱ्हाड, यातलं काहीच पुस्तकात नाही. मी पानं मागं-पुढं करून पुन्हा पुन्हा शोधलं.

मला आईचा रागच आला, असलं एकटीनं गिळून बसली म्हणून. मग रडू आलं ते थांबेना. इतकी वर्षं मी समजत होते की तिचं पुस्तक अर्धवट राहिलं. तिनं ते केव्हाच वाचून संपवलं होतं. आपलं काय होणार हेही तिला कळलं असणार. आणि तरी रोज संध्याकाळी, मी भाकरी थापत असताना, ती त्या बाईला जगवत राहिली, लेकीच्या लग्नापर्यंत.