जबाबात आक्का नव्हत्या

आर्थिक गुन्हे शाखेच्या साहेबांनी मला विचारलं, "या खात्यातली सगळी रक्कम तुमचीच ना?" मी म्हणालो, "हो, माझीच." ते खोटं होतं. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम माझ्या शेजारच्या आक्कांची होती, आणि आक्का त्याच खोलीत, दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

एवढं आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगायला लागलो की माझी बाजू आपोआप बरी दिसायला लागते, हे मी अनुभवलं आहे.

मी सास्तूरच्या शाळेत शिक्षक आहे. आक्का अंगणवाडीत मदतनीस होत्या. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठ्या झाल्या. भूकंपानंतर बांधलेल्या वसाहतीत आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडं ऐकू येते.

आमच्या गल्लीत भिशी चालते. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेले पैसे काढायचे, चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळे घेऊन जायचे. बरीच वर्षं ती मीच सांभाळली. पावती नाही, सही नाही. सगळ्यांचे पैसे माझ्या एका पिशवीत, आणि कधी इकडचे तिकडं झाले नाहीत. हे माझ्या चोखपणामुळं, असं मला वाटायचं. खरं तर ते गल्लीमुळं होतं. भिशी बुडवून मी जाणार कुठं? सकाळी दूध आणायला त्याच दारांवरून जावं लागतं.

मोबाईलवरच्या एक्स्चेंजला मी त्याच पिशवीसारखं समजलो. बिटकॉइन आणि तसली आभासी नाणी विकत घेऊन तिथंच ठेवायची, भाव चढला की विकायची. माझे पैसे थोडे वाढले होते. विकताना टीडीएस कापला गेला आणि तो आयकराच्या साइटवरही दिसला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"सरकार कर कापतं म्हणजे सरकारचा हात आहे पाठीवर," भिशीच्या चहाला मी ठासून सांगितलं.

"दारूवर बी कर हाय की सर," किराणा दुकानदार म्हणाला. "म्हणून पिऊन पडलं तर सरकार उचलायला येतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि वर त्यालाच अडाणी ठरवलं. आक्का हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या फाटकापाशी आल्या. सेवा संपल्यावर एकरकमी मिळालेले त्यांचे पैसे बँकेत होते.

"नातीला नर्सिंगला घालायचंय सर. बारावी व्हईस्तोवर तुमच्या त्या मोबाईलात ऱ्हाऊ द्या. वाढलं तर वाढलं."

त्यांचं खातं उघडेना. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. दर वेळी 'नाव जुळत नाही'. कार्ड दुरुस्त करायला लोहाऱ्याला खेपा घालाव्या लागल्या असत्या. मला कंटाळा आला. मी म्हणालो, "माझ्याच खात्यात टाकू. भिशीत काय वेगळं करतो आपण?" त्यांनी मान डोलावली आणि बँकेतून पैसे काढून आणून दिले. मी चुकलो ते इथं.

एके दिवशी ॲपवर पाटी आली की पैसे काढणं तात्पुरतं बंद आहे. मी आक्कांना सांगितलं, दुरुस्तीचं काम असेल. मग पाटी बदलली, मग ॲपच उघडेना. कंपनीची नोंदणी परदेशात निघाली, इथला पत्ता एका भाड्याच्या खोलीचा. चालवणारे कुठं आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एका वकिलांना भेटलो. त्यांनी सांगितलं ते असं : बँक बुडाली तर ठेवीला थोडं तरी विमासंरक्षण असतं, शेअर बाजारावर नियामक असतो. या धंद्यात कर घेणारा आहे, पण बुडाल्यावर उत्तर देणारा अजून कुणी नेमलेलाच नाही. तक्रार करा, पण ज्याच्या नावावर खातं आहे त्यालाच कायदा ओळखेल.

म्हणून आम्ही दोघं एसटीनं धाराशिवला गेलो. बसमध्ये मी आक्कांना समजावत होतो, तुम्हीही सगळं सांगा. तेव्हा मी मनापासून बोलत होतो.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "गुरुजी, रोज एक येतोय. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक. अडाणी माणूस एक बी न्हाय आला अजून." मग लिहिता लिहिता सहज बोलले, की काही ठिकाणी लोकांनी दुसऱ्यांचे पैसे गोळा करून स्वतःच्या खात्यात भरलेत, त्यांना आम्ही एजंट धरतो, ते आरोपी होतात. आणि मान वर करून त्यांनी तो प्रश्न विचारला.

मला माझी नोकरी दिसली. निलंबनाचा कागद दिसला. कर्जाचे हप्ते दिसले. उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही.

"आणि मावशी?" साहेबांनी बाकाकडं बघितलं.

"शेजारच्या आहेत. सोबत आल्यात."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. मी घेतली. खाल्लीही. लोहारा मागं पडला. मग खिडकीकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "भूकंपात घर माझं पडलं. पंचनाम्यात नाव दिराचं. घर बी त्येलाच घावलं. आता म्या ऱ्हाते ते भावाचं हाय. तवा बी लोक म्हनले, घरातच तर हाय, नाव कुनाचं का असंना."

मी म्हणालो, "आक्का, मिळाले की तुमचे तुम्हाला देणार. शपथ."

"मिळंल तवा मिळंल. पर माझं गेलं, असं कुठं तरी लिवा की सर."

पुढं कंपनीच्या दिवाळखोरीसाठी कोर्टानं माणूस नेमला, खातेदारांकडून दावे मागवले. मी दावा भरला, पूर्ण रकमेचा, माझ्या नावानं. आक्कांची नात बारावी झाली आणि नर्सिंगऐवजी उमरग्याच्या एका कपड्याच्या दुकानात उभी राहायला लागली. मला गल्लीत बघितलं की ती नमस्कार करायची, पूर्वीसारखाच. त्या काळात मी आक्कांशी पुष्कळ बोललो. "फसवलं आपल्याला", "नशीबच आपलं", "कोर्टात वेळ लागतो". प्रत्येक वेळी आपलं, आपल्याला. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चहा घ्या." एके दिवशी मात्र म्हणाल्या नाहीत.

मी पुन्हा धाराशिवला गेलो, एकटाच. साहेबांना सांगितलं, जबाब बदलायचा आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, हे लिहिलं की बाण तुमच्याकडं वळतो. कंपनीवाले घावत न्हायत, तुम्ही मात्र पत्त्यावर घावता. कळतंय का?"

"कळतंय."

"मग आधी का न्हाय बोलला?"

याला माझ्याकडं एकच उत्तर होतं आणि ते मी दिलं. घाबरलो होतो. त्यांनी ते जबाबात घेतलं नाही. बाकीचं घेतलं : पैसे कुणी दिले, कुठल्या शब्दांवर दिले, खातं माझ्या नावावर का. दाव्यातही दुरुस्ती पाठवली. ती मान्य होईल की नाही, वकिलांना सांगता येत नाही. शाळेकडून माझी खातेनिहाय चौकशी सुरू झाली आहे. माझ्याविरुद्ध गुन्हा नोंदवायचा का, ते ठरायचं आहे. बायको म्हणते, मुलींची लग्नं झाल्यावर तरी सुचायचं. ती चुकीचं बोलत नाही.

धाराशिवहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांच्या दारात गेलो. त्या उंबऱ्यापाशी सूप घेऊन तुरी पाखडत होत्या. नात कामाला निघायच्या घाईत चप्पल शोधत होती. मी तिलाही थांबायला सांगितलं. आक्कांनी सूप खाली ठेवलं नाही.

"काय नवीन निघालं कोर्टातनं?" त्यांनी विचारलं.

"कोर्टातलं नाही," मी म्हणालो. "आक्का, पैसे तुमचे होते. तुमच्यासमोर मी ते माझे म्हणून सांगितलं, स्वतःला वाचवायला. कंपनीनं बुडवले ते बुडवले, पण तुमचं नाव मी बुडवलं. मला माफ करा."