कवळीबाईंची चिंगी

आमच्या चर्चच्या महिला मंडळाने मागे माझ्या धाकट्या बहिणीला बोलायला उभं केलं. विषय होता ‘वयात आलेली मुलं आणि संगत’. वेळ वीस मिनिटं. ती उठली, “नाही म्हणायला पोरांना सुरुवातीला कुणाचा तरी आधार लागतो. आमच्याकडे मी होते. नंतर मी पुरले नाही,” एवढं बोलली आणि खाली बसली. उरलेली एकोणीस मिनिटं गाणी म्हणावी लागली. म्हणून तिचं राहिलेलं मी लिहिते आहे.

बहीण दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढते, त्यावर मेणात दात बसवते, मग पक्की कवळी करून घासत बसते. तिच्या टेबलावर कधीही पाहा, पंधरा-वीस जबडे आ वासून मांडलेले असतात. आमच्या मंडळीत तिला कवळीबाईच म्हणतात. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. उरलेले दहा महिने ती आणि तिची पंधरा वर्षांची चिंगी.

चिंगीच्या वर्गात चौघींचा गट होता. त्यांची पुढारी कॅप्टन. ती खरोखरच थ्रोबॉलची कॅप्टन होती, पण मैदान सोडूनही कॅप्टनच असायची. एकदा क्लास सुटल्यावर कॅप्टनने दप्तरातून धुराची कांडी, ती बॅटरीवरची सिगारेट, काढली आणि चौघींनी ती संडासात आळीपाळीने ओढली. चिंगीनेही ओढली. घरी येऊन खोकली, मग रडली, मग सगळं सांगितलं.

बहीण ओरडली नाही. तिला ओरडता येतच नाही.

“तुला नको होतं ना?”

“नको होतं.”

“मग नको म्हणायचं.”

“आई, तुला कळत नाही. नको म्हटलं की मी गटातून बाद.”

बहिणीने दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांत एका आजोबांची वरची कवळी पूर्ण झाली. मग ती म्हणाली, “माझ्यावर ढकल. सांग, आई दारातच तोंडाचा वास घेते.”

“पण तू घेत नाहीस.”

“आजपासून घेते.”

इथे तिचा स्वभाव सांगायला हवा. पोरीने खोटं बोलून सुटावं हे तिला पटणारं नव्हतं. ते देवापुढे कसं मांडायचं? तेव्हा चिंगी जे जे सांगेल ते ते खरं करायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी चिंगी उंबऱ्यावर “हाऽऽ” करायची आणि बहीण गंभीर चेहऱ्याने वास घ्यायची. चिंगीने गटात सांगितलं, आई फोन तपासते. बहिणीने लॅबमधलं भिंग आणून फोन तपासायला घेतला आणि तिसऱ्या मेसेजला तिला डुलकी लागली. चिंगीने सांगितलं, बाहेर गेले की आई दर अर्ध्या तासाला फोन करते. मग ती प्लास्टरच्या हातांनी फोन करायची. “मी आहे,” म्हणायची आणि ठेवून द्यायची.

महिन्याभरात तिची दहशत पसरली. चर्चमधली इतर पोरंही आपापल्या गटात तिचंच नाव सांगू लागली. कवळीबाई नुसते दात बघून कोण काय ओढतं ते ओळखतात म्हणे. पाळकांचा पोरगा तिच्यासमोर हसायचा बंद झाला.

मी म्हटलं, “अगं, पोरं तुला राक्षसीण समजतात.”

“समजू दे. माझं काय जातंय?”

मग कॅप्टनचा वाढदिवस जवळ आला. तिच्या भावाच्या मित्राचा फ्लॅट रिकामा होता, तिथे पार्टी. भावाचे मित्र बाटल्या आणणार होते. अर्ध्या तासाच्या फोनने हे टळण्यातलं नव्हतं. घाबरून चिंगीने मोठीच थाप मारली. “आईने मला तुझ्याशी बोलायचंच नाही म्हणून सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी कॅप्टन शाळेच्या गणवेशातच लॅबमध्ये हजर. जबड्यांच्या गर्दीत उभी राहून म्हणाली, “काकू, मी तुमचं काय वाकडं केलंय?”

“काही नाही. का?”

“तुम्ही चिंगीला माझ्याशी बोलू नको म्हणालात.”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“म्हणजे ती खोटं बोलली?”

“हो. पाणी घेशील?”

कॅप्टन पाणी न पिता गेली.

घरी बहिणीने चिंगीला समोर बसवलं. “वास घेतला, फोन पाहिला. हे मात्र माझ्याच्याने खरं होणार नाही. त्या पोरीला मी कशाला तोडू? आता तुझं तू सांग.”

“सगळ्या हसतील, आई!”

“हसू देत. मी दिवसभर दातच बघते, काही होत नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्गात चिंगीने सांगितलं. “आईचं काही नाही. मलाच यायचं नाही. तिथे ते लोक पिणार, मला भीती वाटते.” कॅप्टन “भित्री” म्हणाली, बाकीच्या दोघी खिदळल्या आणि चिंगीच्या शेजारची जागा आठ दिवस रिकामी राहिली. शाळेतून आली की ती कपाटं आवरायची. बहीण रोज प्रार्थना करायची, “प्रभू, तिला मैत्रिणी परत दे, नाहीतर दुसऱ्या दे. पण लवकर दे, आवरायची कपाटं संपत आली.”

पार्टीच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला चिंगीचा फोन वाजला. कॅप्टन बाथरूममधून कुजबुजत होती. “तुझी आई आहे?”

बहिणीने फोन घेतला.

“काकू, मला घरी जायचंय. सगळे म्हणतात, वाढदिवस तुझा आणि नाटकं पण तुझीच. आईला कळलं तर मारेल.”

“पत्ता सांग. आणि बाहेर जाऊन म्हण, चिंगीची आई खाली आलीय.”

“आलात तुम्ही?”

“नाही. म्हणून आत्ता नको म्हणूस. बारा मिनिटांनी म्हण.”

“मी पण येते,” म्हणत चिंगी आधीच चप्पल घालत होती.

चौदा मिनिटं लागली. इमारतीखाली स्कूटर लावून बहिणीने फोन केला, “हां, आता म्हण.” कॅप्टन खाली आली आणि तिच्या मागे त्या दोघीही. स्कूटर एक आणि माणसं पाच. शेवटी बहीण स्कूटर ढकलत आणि पोरी तिच्या मागून, अशी ती वरात पायीच कॅप्टनच्या घरी गेली.

कॅप्टनच्या आईने सगळं ऐकलं आणि चिंगीवरच घसरली. “तुला ठाऊक होतं ना? मग मला का नाही सांगितलंस?”

बहीण उत्तर देणार होती, पण चिंगीच पुढे झाली. “तिला सांगितलं होतं, काकू. तुम्हालाही सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

बहीण म्हणते, त्या दिवसापासून तिने वास घेणं बंद केलं.

सोमवारी वर्गात कॅप्टन चिंगीच्या बाकापाशी आली. माफीबिफी काही नाही. “सरक,” म्हणाली.

चिंगी सरकली.