पेशंटसोबत कोण आहे?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता बावधनमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मला नऊ प्रश्न विचारले. त्यांतल्या आठ प्रश्नांची उत्तरं माझ्या सासूबाईंनी दिली. नववं मी दिलं. तो प्रश्न माझ्या वयाचा होता.

मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरच्यांना दुसरं मूल हवं होतं आणि दीड वर्ष वाट पाहूनही दिवस राहिले नव्हते. त्यासाठी आम्ही तिथे होतो. मी डॉक्टरांसमोर बसले होते, सासूबाई माझ्या उजव्या हाताला. फाइल त्यांच्या मांडीवर होती.

"पाळी नियमित येते?"

"येळेवर येतीया. आता बाजूला बसत न्हाईत, पन मला कळतं."

"पहिली डिलिव्हरी कशी झाली?"

"नारमल. टाकं पडलं व्हतं, पन भरलं."

"अंगावरून पांढरं जातं?"

"बाईच्या जातीला जातंच की, बाई."

"संबंध नियमित आहेत?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "व्हय, व्हय. एकाच खोलीत हायेत."

डॉक्टरांनी कागदावर 'नियमित' असं लिहिलं. पाळीचा दुसरा दिवस होता, त्यामुळे आतून तपासणी पुढच्या वेळी करायचं ठरलं. ती पुढच्या वेळीही झाली नाही.

वस्तुस्थिती अशी होती. मुलीच्या जन्मानंतर आम्ही चार वेळा प्रयत्न केला होता. चारही वेळा माझे स्नायू आपोआप आवळले गेले आणि टाक्यांच्या जागी कापल्यासारखं दुखलं. चारही वेळा नवरा थांबला, हेही नोंदवायला हवं. चौथ्या वेळेला आता दोन वर्षं होत आली होती. त्यानंतर आमच्यात संबंध नव्हता. हे त्याला आणि मला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही. दिवस न राहण्याचं कारण तेवढंच होतं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. रविवारच्या पुरवणीत बायकांच्या आरोग्याची प्रश्नोत्तरं यायची. पत्रं निनावी असायची. त्यांची निवड आणि काटछाट माझ्याकडे होती. 'जवळ आले की आग आग होते' याचं मी 'संबंधाच्या वेळी वेदना होतात' असं करायचे आणि प्रश्न चाळीस शब्दांत बसवायचे. हा प्रश्न इतक्या वेळा यायचा की आम्ही तो तीन-चार महिन्यांतून एकदाच छापायचो. आमच्या डॉक्टरांच्या उत्तराचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: संकोच न बाळगता डॉक्टरांशी बोला. शेजारी बसलेल्या माणसाला बाहेर कसं पाठवायचं, हे कुठल्याच उत्तरात नव्हतं. तो प्रश्न एकाही पत्रात आल्याचं मला आठवत नाही. आला असला तर चाळीस शब्दांत मीच कापला असेन.

आमचं घर आयटी पार्कच्या बाजूला, माणमध्ये आहे. पूर्वी शेत होतं तिथे आता चार मजली इमारत आहे. खालचे दोन मजले आमचे आणि गाळ्यांचे, वरच्या दोन मजल्यांवर भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला असतो. एका गाळ्यात औषधांचं दुकान आहे आणि दुसऱ्यात दवाखाना. तिथे संध्याकाळी एक लेडी डॉक्टर बसतात. मी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हते. त्या आमच्या भाडेकरू आहेत, आणि भाडेकरूला घरातलं कळू द्यायचं नाही, हा घरचा नियम आहे. दवाखान्याच्या दारासमोर, गेटपाशी, सासरे दिवसभर खुर्ची टाकून बसलेले असतात. आत कोण गेलं आणि किती वेळाने बाहेर आलं, हे ते जेवताना सांगतात.

दुसरा नियम सोबतीचा. आमच्याकडे सून दवाखान्यात एकटी जात नाही. सोबत बाईमाणूस जातं, आत जातं आणि बोलतंही तेच. सुनेने आपल्या तोंडाने आपल्या अंगाबद्दल बोलणं निर्लज्जपणाचं, आणि सासूने गप्प बसणं म्हणजे तिला सुनेची काळजी नसणं. सासूबाईंना माझी काळजी होती. त्या एकही तारीख चुकवत नव्हत्या.

मार्चपासून बीजवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला पाच. नंतर दिवसाआड सोनोग्राफी. पहिल्या दोन महिन्यांत सोनोग्राफी करणारे डॉक्टर पुरुष होते. आतून करायची का, असं त्यांच्या मदतनीस बाईने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "वरून करा." डॉक्टरांनी फक्त लघवी भरलीय का ते विचारलं. या दोन महिन्यांत उपचारांबाबत मी स्वतःहून बोललेलं वाक्य ते एकच, आणि त्या वाक्याने खरी गोष्ट आणखी दोन महिने झाकली गेली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बावधनच्या दवाखान्यात फोन केला. गच्चीवर कपडे वाळत घालताना.

"डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायचंय."

"मॅडम फोनवर बोलत नाहीत. पेशंटला घेऊन या."

"पेशंट मीच आहे."

"मग सोबत कोण असतं तुमच्या? त्यांच्याकडे द्या ना फोन."

मी फोन ठेवला.

त्यानंतर मी एक चिठ्ठी लिहिली. 'मुलगी झाल्यापासून संबंधाच्या वेळी असह्य दुखतं. दोन वर्षं संबंध नाही. कृपया सासूबाईंसमोर बोलू नये.' ती फाइलमध्ये सोनोग्राफीच्या कागदामागे ठेवली. निघण्याआधी सासूबाईंनी सवयीने फाइल चाळली. त्यांना वाचता येत नाही, पण कुठला कागद कुठला ते त्या आकारावरून ओळखतात.

"ह्यो कसला कागूद? ह्यो आपला न्हाई." त्यांनी तो मुलाच्या हातात दिला.

नवऱ्याने गाडीपाशी उभं राहून तो वाचला. घडी घातली आणि शर्टच्या खिशात ठेवला. "काही नाही. जुना आहे," असं आईला म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तो दोन दिवसांनी बोलला.

"लिहून द्यायची काय गरज होती?"

"मग बोलू?"

"आईसमोर?"

"मग तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? माझं काय दुखतंय? लोक काय म्हणतील, दोन वर्षं हा काय करत होता?"

चिठ्ठी त्याने परत दिली नाही. मी दुसरी लिहिली नाही.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी पुढची पायरी सांगितली. याही महिन्यात गुण आला नाही, तर पुढच्या पाळीनंतर नळ्यांची तपासणी. गर्भाशयाच्या तोंडातून औषध सोडून फोटो घ्यायचे. त्यानंतर इंजेक्शनं. सासूबाईंनी विचारलं, "दुकतं का त्यात?" डॉक्टर म्हणाल्या, "थोडं. सहन होण्यासारखं." सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "करंल ती. सोसनारी हाय." त्या हे कौतुकाने म्हणाल्या होत्या.

मे महिन्यात सोनोग्राफीच्या खोलीत नव्या डॉक्टर होत्या. बाई. दारावर 'फक्त पेशंट' अशी पाटी होती, ती आधीही होती. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या, माझ्या चपला पायाशी घेऊन.

"वरून नीट दिसत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "आतून करू. पाय सैल सोडा."

मी सोडले. ते सुटले नाहीत. त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि लगेच हात मागे घेतला.

"नेहमी असं होतं?"

"हो."

"नवऱ्याबरोबरही?"

दाराकडे बघायची मला सवय झाली होती. दार बंद होतं. "हो."

"कधीपासून?"

"मुलगी झाल्यापासून."

"मग संबंध?"

"दोन वर्षं नाहीत."

त्यांनी हातमोजे काढले आणि माझा कागद पुन्हा पाहिला. "अहो, मग या गोळ्या कशाला खाताय? इथे 'नियमित' लिहिलंय."

"ते उत्तर माझं नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोरच खालच्या मजल्यावरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावला. सव्वा मिनिट बोलल्या. तोवर मी पंधरा गोळ्या घेतल्या होत्या.

खाली मला एकटीला आत बोलावलं. सासूबाई उठल्या, तेव्हा मदतनीस म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा." त्या उभ्याच राहिल्या. डॉक्टरांनी मला तपासलं, बोटाने हळूहळू, प्रत्येक वेळी विचारून. टाक्यांचा व्रण एका बाजूला घट्ट बसला होता. तिथे दुखतं, म्हणून आजूबाजूचे स्नायू आधीच आवळून घेतात आणि आवळल्याने जास्त दुखतं, असं त्यांनी सांगितलं. हे मनाचं खूळ नाही आणि यावर उपाय आहे, हेही सांगितलं. गोळ्या बंद. नळ्यांची तपासणी रद्द. व्रणाला लावायला जेल. स्नायू सैल सोडायचा व्यायाम, रोज पंधरा मिनिटं, आडवं पडून, दार लावून. दुखणं कमी होईपर्यंत संबंधाचा प्रयत्न करायचा नाही. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे. आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. 'नियमित' हा शब्द त्यांनी एका रेघेने खोडला.

गाडीत सासूबाई पुढे बसल्या होत्या, मी मागे. सूसचा पूल आल्यावर त्यांनी विचारलं.

"आत येवढा येळ का लागला?"

"दुखत होतं म्हणून."

"सोनोग्राफी दुकतीया व्हय?"

"सोनोग्राफी नाही, आई."

नवऱ्याने काच खाली केली, पुन्हा वर केली.

"टाक्याचं?" सासूबाईंनी समोर बघतच विचारलं. मी हो म्हणाले.

"मंग त्यात डाक्टरला काय सांगायचं? सगळ्यांनाच दुकतं. मला ह्याच्या येळंला आठ वर्सं दुकत व्हतं. मी कुनाला सांगाय गेले का?" त्यांनी मान मुलाकडे वळवली. "तू हिकडं काय बगतुयास? रस्त्याकडं बग."

"आठ वर्षांनी थांबलं?" मी विचारलं.

"मंग तुझ्या सासऱ्याची पाठ धरली. त्येच हांतरुनाला खिळलं तीन म्हैनं. तवा जरा सुटले. हे भायेर बोलू नगंस."

जेल नवऱ्याने दुसऱ्या दिवशी शेजारच्या जांबे गावातल्या दुकानातून आणलं. आमच्या गाळ्यातल्या दुकानातून नाही. पिशवी कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवली आणि मला सांगितलं नाही. मला ती कपडे काढताना सापडली.

व्यायाम पहिले दहा दिवस झाला नाही. आमच्या खोलीच्या दाराला कडी आहे, पण दिवसा आमच्या घरात कुणी कडी लावत नाही. पहिल्या दुपारी लावली तर चार मिनिटांत मुलीने दार वाजवलं. दुसऱ्यांदा लावली तर सासरे खालून ओरडले, "दार का लावलंय? कोन आजारी हाय का?" मुलगी आमच्याच खोलीत झोपते, त्यामुळे संध्याकाळनंतर तर शक्यच नव्हतं. न्हाणीघर एकच आहे आणि तिथे आडवं पडता येत नाही. पंधरा मिनिटं नव्हती असं नाही. पंधरा मिनिटं बंद राहील असं दार नव्हतं. मी हे सासूबाईंना सांगितलं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर व्यायामाची चित्रं होती. तो कागद फाइलमध्ये होता, आणि फाइल त्यांच्याकडे.

अकराव्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, सासूबाईंनी कमरेचा जुडगा सोडला. नखाने कडं उघडून एक किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली.

"वरची सतरा नंबर रिकामी झालीया. झाडून घ्यायची हाय."

"झाडली होती मागच्या आठवड्यात," मी म्हणाले.

"परत झाड. रोज झाड. पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल." मग सतरंजीकडे हात करून म्हणाल्या, "खाली लई गार फरशी हाय तितं. ही ने."

मी त्या दिवशी वर गेले. खोली दहा बाय बारा आहे, एक खिडकी, दाराला आतून दोन कड्या. मी दोन्ही लावल्या. खाली गेटपाशी सासऱ्यांचा आवाज येत होता. ते सासूबाईंना विचारत होते, सूनबाई कुठे आहे. "वर झाडतीया," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये नवरा माझ्यासोबत बावधनला आला. आत बसला. डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं, बाकीची मी दिली. दुखणं आता पहिल्यापेक्षा कमी आहे. पूर्ण गेलेलं नाही. दुसऱ्या मुलाबद्दल घरात विचारणं थांबलेलं नाही. गेल्या रविवारी सासऱ्यांनी जेवताना विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "येळ लागंल म्हंत्यात."

जुलैत आयटी पार्कमध्ये नवी भरती झाली आणि खोल्यांना मागणी वाढली. माझ्यादेखत तिघंजण सतरा नंबर बघायला आले. तिघांनाही सासूबाईंनी जिन्यावरूनच परत पाठवलं.

"सतरा न्हाई लावायची. गळतीया ती."

या पावसात मी सतरा नंबरचं छत आणि चारही कोपरे पाहिले. कुठेही ओल नाही. खोली अजून भाड्याने गेलेली नाही.