दोनदा विचारणारी पेटी

दादाचा हात असा होता की तो सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेघा आखायला बसला, की बघणाऱ्याने खुर्ची ओढून घ्यावी. बारकी त्याची पाठची बहीण. चाळिशी उलटली तरी घरात आणि कामावर ती बारकीच राहिली. आईच्या माघारी रिकाम्या पडलेल्या दोन खोल्यांत दोघांची भागीदारी चालायची. बाहेरच्या खोलीत दादाचं सोल्डरिंगचं टेबल, आतल्या खोलीत बारकीचा कॉम्प्युटर. त्याने पेटी घडवायची, तिने पेटीला शहाणं करायचं.

पेटीचं काम इंटरनेटच्या चौकात उभं राहायचं. आलेल्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाचा पत्ता वाचायचा, तक्त्यात शोधायचा आणि पाकीट बरोबर वाटेला लावायचं. इतरांच्या पेट्यांतली चिप जे शिकून यायची तेवढंच करायची. यांच्या चिपला प्रोग्रॅम लिहून हवं ते शिकवता यायचं. तिच्या जोरावर दादाने एका टेलिफोन कंपनीला छातीठोकपणे सांगितलं होतं, की याहून वेगवान पेटी तुम्हाला कुठे मिळायची नाही.

घोळ झाला तो इथेच. शिकवलेलं मुकाट शिकणारं कुणी हाताशी असलं, की बाकीच्यांना आपलं चुकलेलं दुरुस्त करायचा कंटाळा येतो. पंख्याची जोडणी उलटी झाली, दिवा भलताच लागला, की दादाचं पालुपद ठरलेलं, प्रोग्रॅममध्ये सांभाळून घे. बारकी घ्यायची. वहिनी म्हणायची, ह्यांच्या घोरण्यावरही दोन ओळी लिही बाई. तिघंही पोट धरून हसायची. चांगले दिवस होते ते.

मग एकदा बारकीला दिसलं, की पेटी तापली की पाकिटं मधूनच भलत्या दारी जातायत. दिवसभर शोधून तिने मूळ काढलं. तक्ता ठेवलेल्या मेमरीपर्यंतच्या रेघा दादाने लांबून, देखण्या वळणाने नेल्या होत्या. उष्णता वाढली की त्या वाटेने येणारं उत्तर कधीतरी बिघडायचं. ती म्हणाली, बोर्ड नव्याने काढायला हवा. दादाने बोर्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि लेकराच्या अंगावरचा डाग बघावा तसा बराच वेळ बघत राहिला.

"बारके, एवढं घे सांभाळून," तो हळूच म्हणाला.

तिला त्याच्याकडे बघवेना. तिने प्रोग्रॅम बदलला. प्रत्येक पत्ता तक्त्याला दोनदा विचारायचा, उत्तरं जुळली तरच पाकीट पुढे सोडायचं. पेटी चुकायची थांबली आणि निम्म्या वेगावर आली. तिने तेही सांगितलं. दादा म्हणाला, बाकीच्या ओळी आवळ, तू काढशील वाट. तिने आवळता येईल तेवढं आवळलं. वाट काही निघाली नाही.

कंपनीचा तपासनीस आला तो शांत, अदबशीर माणूस. त्याने आपलं यंत्र जोडलं, पेटीवर पाकिटांचा मारा केला. वेगाचा आकडा अर्ध्यावर अडला तो हलेना. त्याने बारकीची परवानगी घेऊन प्रोग्रॅम उघडला आणि वाचत वाचत एका जागी थांबला.

"हे दोनदा का विचारलंय?"

पेटीतला पंखा घरघरत होता. बारकी दादाकडे बघत राहिली. आपलं वाक्य आहे हे ठाऊक असूनही नट गप्प राहतो, आणि अख्खा रंगमंच त्याच्यासाठी थांबतो, तसं झालं. दादा एक सरळच असलेली वायर सरळ करत होता.

"प्रोग्रॅम तिचा आहे," तो म्हणाला. "तिलाच विचारा."

"माझी भीती," बारकी म्हणाली. "उगाच घातलंय ते."

दादा वाईट नव्हता हो. त्या रेघा म्हणजे त्याचं उभं आयुष्य होतं, आणि ते खोटं ठरताना बघायची ताकद त्याच्यात नव्हती. कंपनीने ठरवलं, बोर्ड चांगला आहे, प्रोग्रॅम आमचा माणूस लिहील. नव्या माणसाने आल्या आल्या दुसरं विचारणं काढून टाकलं. दादाने कंपनीतून फोन केला तेव्हा त्याचा आवाज तरण्या पोरासारखा होता. पेटी धावतेय, म्हणाला.

"तापवून बघितलीस का?" बारकीने विचारलं.

"इथे एसी आहे."

"दादा, पेट्या रस्त्यावरच्या लोखंडी कपाटात बसणार आहेत."

 दादा म्हणाला, "तो माणूस हुशार आहे. घेईल सांभाळून."

बारकीने तपासनिसाचा नंबर काढून समोर ठेवला. खरं काय ते सांगायचं, तर आपण खोटं बोललो हे सांगावं लागणार, आणि मग दादा का गप्प बसला तेही. दर सकाळी ती फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. वहिनीने बोलावणं धाडलं, त्यालाही ती गेली नाही.

ऐन उन्हाळ्यात पेट्या बसल्या. दुपारी बाजारातून येताना तिला दवाखान्याच्या भिंतीलगत नवं कोरं कपाट दिसलं. आत पंखा फिरत होता, त्याचा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. हातातली पिशवी खाली ठेवून तिने कपाटाच्या दारावर तळवा टेकवला. चटका बसला. तिने हात मागे घेतला, आणि दवाखान्याच्या खिडकीतून आतल्या बाई कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, की सकाळपासून रिपोर्ट पाठवतोय, कुठे जातायत कळत नाही.